पुस्तक एकदा खपतं, नोंद दहादा



कंटेंटच्या धंद्यावरचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून येऊन राहिला आहे. "सर, ॲप कोणाकडून बनवून घेऊ?" कधी क्लासवाले सर विचारतात, कधी रेसिपीवाल्या ताई, कधी भरतीची गाईड छापणारे भाऊ. माझं उत्तर थोडं कडू आहे. ॲप आत्ता बनवूच नका. आधी माल लावा. गोदामात माल ढिगाने पडला असेल, तर दुकानाला काचेचा दरवाजा बसवून काय फायदा?

आज यावरच सविस्तर लिहितो. या विषयाचं मोठं नाव आहे "लिंक्ड डेटा", म्हणजे एकमेकांशी जोडलेली माहिती. नाव ऐकून घाबरू नका. लेख संपेपर्यंत तुम्हीच म्हणाल, हे तर आपल्या पटवाऱ्याला आधीपासून माहीत आहे!

आधी मान्य करा, तुम्ही प्रकाशक आहात

प्रकाशक म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर मोठी संस्था येते. छापखाना, लेखक, समारंभ वगैरे. पण हुडकेश्वर रोडने मानेवाड्यापर्यंत एक चक्कर मारा आणि पाट्या वाचा. पोलीस भरतीचे क्लास, स्कॉलरशिपचे क्लास, झेरॉक्स-डीटीपीची दुकानं, घरून मसाला विकणाऱ्या आणि सोबत पाककृतींची पुस्तिका देणाऱ्या ताई. जो माणूस मजकूर तयार करतो आणि तो लोकांपर्यंत पोहोचवून पैसे कमावतो, तो प्रकाशक. त्याच्या नोट्स झेरॉक्सवर निघत असल्या तरी तो प्रकाशकच.

आता या प्रकाशकाचा खरा माल कोणता? नव्वद टक्के लोक सांगतील, "पुस्तक". माझं मत वेगळं आहे. पुस्तक हे पॅकिंग आहे. माल म्हणजे आतली एक एक नोंद. एक प्रश्न आणि त्याचं स्पष्टीकरण, एक पाककृती, एका गडाची माहिती, एक शब्द आणि त्याचा अर्थ. पॅकिंग एकदा फोडलं की संपलं. नोंद नीट ठेवली तर तीच नोंद पुस्तकात जाते, टेस्ट पेपरात जाते, व्हॉट्सॲपच्या "आजचा प्रश्न"मध्ये जाते, व्हिडिओत जाते, आणि उद्या एखाद्या ॲपवाल्याला भाड्यानेही देता येते. मेहनत एकदाच, कमाई दहादा.

माल आहे, पण गाठोड्यात बांधलेला

आपल्याकडे जुन्या प्रकाशकांची आणि क्लासवाल्यांची खरी अडचण कुठे आहे ते पाहा. दहा-पंधरा वर्षांचा मजकूर पेजमेकरच्या फाइलमध्ये पडून आहे. फॉन्ट श्रीलिपी, नाहीतर कृतिदेव. छापायला एकदम मस्त. पण तोच मजकूर कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाका, इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते.

असं का होतं? त्या जुन्या फॉन्टमध्ये कॉम्प्युटरच्या पोटात मराठी अक्षर नसतंच. आत असतो दुसऱ्याच चिन्हाचा कोड, आणि वरून फॉन्ट त्याला "क" चा मुखवटा चढवतो. मुखवटा काढला की सोंग उघडं पडतं. युनिकोडमध्ये तसं नाही. तिथे प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायमचा नंबर आहे. "क" चा नंबर २३२५. नागपुरात टाइप करा, लंडनमध्ये उघडा, तो नंबर "क" चाच. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली आली आणि देवनागरी तिच्यात पहिल्यापासून आहे. म्हणजे तीसहून जास्त वर्षं झाली. तरी आजही कितीतरी डीटीपीवाले काम जुन्या फॉन्टमध्येच करून देतात, कारण गिऱ्हाईक विचारतच नाही.

तुम्ही विचारा. डीटीपीचं काम देताना पहिली अट हीच घाला: "मजकूर युनिकोडमध्ये पाहिजे, आणि छापायच्या फाइलसोबत मोकळा मजकूरही पाहिजे." जुन्या फाइली युनिकोडमध्ये नेणारे कन्व्हर्टर मिळतात. पण त्यानंतर प्रूफ वाचावंच लागतं. जोडाक्षरं, रफार आणि र्‍हस्व वेलांटी इथे ते हमखास चुकतात.

लक्षात घ्या, पीडीएफ म्हणजे माल लावणं नाही. पीडीएफ म्हणजे छापलेल्या पानाचा फोटो काढून ठेवल्यासारखं आहे. बघायला छान, त्यातून वेचायला कठीण.

कालनिर्णयाकडे धंदेवाल्याच्या नजरेने पाहा

आपल्या सगळ्यांच्या घरातलं उदाहरण घ्या. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली कालनिर्णय सुरू केलं. रोज बघतो आपण ते, पण धंद्याच्या नजरेने कधी पाहिलं का?

प्रत्येक तारखेची एक चौकट. त्या चौकटीत वार, तिथी, नक्षत्र, सण. प्रत्येक गोष्ट ठरलेल्या जागी. हा मजकूर निबंधासारखा सलग लिहिलेला नाही, तो नोंदींमध्ये पाडलेला आहे. म्हणून तोच वर्षभराचा गाभा मराठीसोबत हिंदी, गुजराती, इंग्रजी, कन्नड अशा भाषांमध्ये निघतो, भिंतीवरच्या मोठ्या आकारात निघतो, छोट्या आकारात निघतो, आणि मोबाइलवरही येतो. गुढीपाडवा कोणत्या दिवशी आहे हे एकदा नक्की झालं की बाकी सगळीकडे फक्त त्या नोंदीचं वाटप. पानाच्या मागचे लेख आणि पाककृती हा वेगळा माल. तोही सुटा, ज्याचा त्याला स्वतंत्र.

आता कल्पना करा, तीच माहिती कोणी सलग मजकुरात लिहिली असती. "चैत्र महिन्यात अमुक दिवशी पाडवा असून त्यानंतर…" अशी तीनशे पानं. त्यातून कन्नड आवृत्ती काढायची म्हणजे सगळं पुन्हा वाचा, पुन्हा वेचा, पुन्हा तपासा. माहिती तीच, मेहनत दसपट.

दुसरं उदाहरण शब्दकोशाचं. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली आला, सुधारलेली दुसरी आवृत्ती १८५७ ची. आज तो कोश शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संग्रहात ऑनलाइन शोधता येतो. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वीचं पुस्तक मोबाइलवर शोधता येतं, याला एक कारण असं की त्याची प्रत्येक नोंद एकाच साच्यात आहे. आधी शब्द, मग त्याची जात, मग अर्थ, मग उपयोग. साचा पक्का असेल तर माध्यम कितीही बदलो, माल उचलून नव्या माध्यमात ठेवता येतो. मोल्सवर्थच्या वेळी कॉम्प्युटर नव्हता. पण शिस्त होती.

मौजा, खसरा आणि तुमची नोंद

आता मुख्य गोष्टीवर येऊ. नोंदी सुट्या केल्या, पण त्यांना ओळख पाहिजे.

हुडकेश्वर भागात प्लॉट घेतलेल्यांना हे सांगायची गरजच नाही. लेआउटला नाव काहीही असू द्या, अमुक नगर म्हणा की तमुक सोसायटी. कागदावर काय पाहता? मौजा कोणता, पटवारी हलका नंबर किती, खसरा नंबर किती. मालक बदलतो, लेआउटची पाटी बदलते, खसरा नंबरावर जमीन सापडते. जमिनीचे तुकडे पडले तर त्याच नंबराला पोटनंबर लागतो. नावावर व्यवहार करणारा फसतो, नंबरावर करणारा वाचतो.

लिंक्ड डेटाचा अर्धा विचार एवढाच आहे. प्रत्येक गोष्टीला एक पक्का नंबर द्या, आणि नाव बदललं तरी नंबर बदलू नका.

याची गरज किती आहे ते आपल्याच राज्यात पाहा. २०२३ साली औरंगाबाद जिल्ह्याचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव झालं. २०२४ साली अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. समजा, तुमच्या सामान्य ज्ञानाच्या पुस्तकात ही नावं शंभर ठिकाणी आहेत. तुम्ही काय करणार? शोधा आणि बदला? मग जुन्या प्रश्नपत्रिकेत जिथे "औरंगाबाद" असंच छापलं होतं, तिथेही बदल होऊन जाईल. इतिहासातला औरंगाबादचा संदर्भही बदलेल. घोटाळाच घोटाळा.

तेच तुमच्याकडे जिल्ह्यांचा एक वेगळा तक्ता असता आणि प्रत्येक प्रश्नात नावाऐवजी जिल्ह्याचा नंबर असता, तर? तक्त्यात एकाच ओळीत नवीन नाव, जुनं नाव आणि बदलाचं वर्ष लिहिलं की काम झालं. नव्या पुस्तकात नवीन नाव येईल, जुन्या प्रश्नपत्रिकेत जुनं राहील.

जिल्ह्यांच्या संख्येचंही तेच. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला तेव्हा २६ जिल्हे होते. १९८२ साली चंद्रपूरमधून गडचिरोली निघाला, १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून गोंदिया निघाला, १ ऑगस्ट २०१४ ला पालघर झाला आणि आकडा ३६ वर आला. "महाराष्ट्रात जिल्हे किती?" या प्रश्नाचं उत्तर २०१३ च्या गाईडमध्ये ३५ आहे आणि ते त्या वेळी बरोबर होतं. पण आज कोणी ते पान तसंच झेरॉक्स करून विद्यार्थ्याला दिलं तर? भरतीला बसलेल्या पोराचा एक मार्क जातो. आणि मित्रांनो, भरतीत एक मार्क म्हणजे काय, हे त्या पोराच्या आईला विचारा. म्हणून "शेवटचं कधी तपासलं" हा रकाना मला ॲपपेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो.

जोडणी: विश्वकोशातला बाण

नंबर झाला, आता दुसरा अर्धा भाग. जोडणी.

मराठी विश्वकोश ज्यांनी हाताळला असेल त्यांना आठवेल, मजकुरात मध्येच एक बाण येतो आणि पुढे दुसऱ्या नोंदीचं नाव असतं. शेवटी "पहा" म्हणून आणखी नोंदी दिलेल्या असतात. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. तेव्हा इंटरनेट कुठे होतं? पण "या नोंदीचं त्या नोंदीशी नातं आहे" हे कागदावरच बांधून ठेवलं होतं. पुढे विश्वकोश ऑनलाइन आला. ही बांधणी आधीच झालेली असणं ही केवढी मोठी पुंजी!

आपल्या नागपूरचाही या परंपरेत वाटा आहे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचं काम नागपुरात उभं केलं आणि मग ते पुण्याला हललं. लिमिटेड कंपनी काढून, भागभांडवल गोळा करून, आगाऊ वर्गणीदार मिळवून त्यांनी २३ खंडांचा ज्ञानकोश पुरा केला. आजच्या भाषेत स्टार्टअपच म्हणा. त्यांचा ज्ञानकोशही आज इंटरनेटवर वाचायला मिळतो, यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानमुळे. कंपनीचा काळ सरला, केतकर १९३७ साली गेले, पण नोंदी टिकल्या.

कागदावरच्या बाणाला एक मर्यादा होती. तो त्याच कोशातल्या नोंदीकडे बोट दाखवायचा. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी २००६ साली पुढची गोष्ट मांडली. सोप्या शब्दात सांगतो. प्रत्येक गोष्टीला वेबवरचा पत्ता द्या. त्या पत्त्यावर गेलं की तिची माहिती मिळाली पाहिजे. आणि त्या माहितीतून दुसऱ्यांच्या गोष्टींकडेही दुवे गेले पाहिजेत. म्हणजे तुमचा बाण आता तुमच्या कुंपणाबाहेर जाऊ शकतो.

बाहेर कुठे? दोन ठिकाणं लगेच सांगतो, दोन्ही फुकट.

पहिलं विकिडेटा. २०१२ पासून चालू आहे. तिथे जगातल्या कोट्यवधी गोष्टींना नंबर दिलेले आहेत. महाराष्ट्राचा नंबर क्यू११९१, मुंबईचा क्यू११५६, मराठी भाषेचा क्यू१५७१. तुमच्या नोंदीत हा नंबर लिहिला की "हा मजकूर नेमका कशाबद्दल आहे" यात शंका राहत नाही. राजुरा म्हटलं की नेमकं कोणतं गाव, शिवाजी पार्क म्हटलं की कोणत्या शहरातलं, हे भांडण मिटतं.

दुसरं, केंद्र सरकारच्या पंचायती राज मंत्रालयाची लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी. त्यात जिल्हा, तालुका, गाव यांना कोड दिलेले आहेत. गावांची, पर्यटनाची, शेतीची माहिती देणाऱ्यांनी हे कोड वापरावेतच.

मोठ्यांनी याचा धंद्यात काय उपयोग केला? बीबीसीने २०१० च्या फुटबॉल वर्ल्ड कपच्या वेळी खेळाडू, संघ, गट यांची पानं अशाच जोडलेल्या माहितीवर चालवली. ७०० हून जास्त पानं. पत्रकार बातमी लिहून सांगायचा की ही बातमी या खेळाडूबद्दल आहे. तो खेळाडू कोणत्या संघात, तो संघ कोणत्या गटात, हे सिस्टीमला आधीच माहीत. म्हणून एकच बातमी तिन्ही पानांवर आपोआप जायची. एवढ्या पानांना हाताने सांभाळायला माणसं कुठून आणणार? जोडणीने ते काम केलं.

तुमचं गणित छोटं आहे, पण तेच आहे. "गोसीखुर्द धरणाचा" प्रश्न एकदा नदी या विषयाला जोडला आणि भंडारा जिल्ह्याला जोडला की तो भूगोलाच्या टेस्टमध्येही येईल आणि "आपला विदर्भ" या पुस्तिकेतही येईल. तुम्ही दोनदा टाइप करणार नाही.

करायचं कसं? एक्सेलपासून

आता तुम्ही म्हणाल, "सर, आमच्यासारख्याला हे जमन काय?" जमते! पहिल्या सहा महिन्यांत सॉफ्टवेअरवर एक रुपयाही घालू नका. गुगल शीट किंवा एक्सेल पुरे. एक ओळ म्हणजे एक नोंद. क्लासवाल्यांसाठी रकाने सांगतो:

१. नोंद क्रमांक. उदाहरणार्थ भू-०००१. एकदा दिला की कायम. नोंद रद्द केली तरी तो नंबर दुसऱ्याला द्यायचा नाही.
२. प्रश्न.
३. चार पर्याय, चार वेगळ्या रकान्यांत. एकाच खान्यात कोंबू नका.
४. बरोबर उत्तर.
५. स्पष्टीकरण. हाच तुमचा खरा माल. प्रश्न सगळ्यांकडे असतो, स्पष्टीकरण तुमचं असतं.
६. विषय आणि उपविषय. ठरलेल्या यादीतूनच निवडायचे. एकदा "भूगोल" आणि एकदा "भुगोल" लिहिलं तर कॉम्प्युटर त्यांना दोन विषय समजतो.
७. कशाशी जोडलंय: जिल्हा, नदी, व्यक्ती, कायदा. इथे तुमच्या तक्त्यातला नंबर.
८. माहिती कुठून घेतली.
९. शेवटचं कधी तपासलं.
१०. हक्क कोणाचा.

पाककृतीवाल्या ताईंनी साहित्य, प्रमाण, कृतीच्या पायऱ्या, वेळ, किती माणसांसाठी, हे वेगवेगळे रकाने करावेत. "अंदाजाने तिखट" हे जेवायला ठीक आहे, नोंदीला नाही. सावजी मसाल्याची कृती ग्रॅममध्ये असेल तर चार माणसांची कृती चाळीस माणसांच्या ऑर्डरला एका गुणाकारात जाते. तीच कृती कॅटरिंगवाल्याला विकता येते.

टिम बर्नर्स-ली यांनीच २०१० साली पाच ताऱ्यांची शिडी सांगितली. ती खुल्या माहितीसाठी होती. आपण माल फुकट वाटत नाही, पण शिडी आपल्यालाही लागू पडते. पहिला तारा: माहिती कोणत्याही रूपात उपलब्ध, पीडीएफ का असेना. दुसरा: एक्सेलसारख्या रकान्यांत. तिसरा: कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडेल अशा मोकळ्या रूपात, म्हणजे सीएसव्ही. चौथा: प्रत्येक नोंदीला पत्ता. पाचवा: दुसऱ्यांच्या माहितीशी जोडणी. आपल्याकडचे बहुतेक जण पहिल्या ताऱ्यावर अडकलेत आणि थेट ॲपच्या गच्चीवर उडी मारायला बघतात. मधल्या पायऱ्या कोण चढणार?

चौथ्या पायरीला वेबसाइट लागते. तिथे स्कीमा डॉट ऑर्ग नावाची शब्दांची एक ठरलेली यादी कामी येते. २०११ साली गुगल, बिंग आणि याहू यांनी मिळून ती काढली. पुस्तक, पाककृती, कोर्स यांचे रकाने कोणत्या नावांनी लिहायचे हे तिच्यात ठरवून दिलं आहे. तुमचे रकाने आधीच नीट असतील तर वेबसाइटवाल्याला हे काम थोड्या वेळाचं. नसतील तर तो तुमच्याकडून भरपूर पैसे घेईल आणि ते काम अर्धवट राहील.

पुस्तकाच्या आयएसबीएनबद्दलही बोलून घेतो. भारतात तो राजा राममोहन रॉय एजन्सीकडून फुकट मिळतो. छापील पुस्तकाला आणि ई-बुकला वेगळा नंबर लागतो. जरूर घ्या. पण तो नंबर पूर्ण पुस्तकाचा आहे, पॅकिंगचा. आतल्या नोंदींचे नंबर तुमचे तुम्हालाच द्यायचे आहेत.

दहावा रकाना विसरू नका

हक्काचा रकाना लोक रिकामा सोडतात, आणि नेमकं तिथेच पुढे भांडण होतं.

समजा, तुम्ही एका शिक्षकाकडून प्रश्नामागे पैसे देऊन पाचशे प्रश्न लिहून घेतले. ते तुमच्याकडे पगारी नोकर नाहीत. पैसे दिले म्हणून हक्क आपोआप तुमचा झाला, असं समजू नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम १९ आहे. हक्क देणं लेखी पाहिजे, सहीनिशी. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर, करार करताना जे माध्यम अस्तित्वात किंवा धंद्यात वापरात नव्हतं, त्यासाठी हक्क मिळत नाही, करारात त्याचं नाव स्पष्ट घेतलेलं नसेल तर.

म्हणजे काय? "पुस्तकासाठी" असं लिहून घेतलेला मजकूर ॲपवर टाकताना अडचण येऊ शकते. म्हणून एक पानाचा का होईना करार करा, वकिलाला दाखवा, आणि त्यात छापील, ई-बुक, ऑडिओ, व्हिडिओ, ॲप सगळं स्पष्ट लिहा. आणि शिक्षकाला त्याचा योग्य मोबदला द्या, नावही द्या. ज्याच्या डोक्यावर धंदा चालतो त्याला कमी देऊन कोणी मोठा झाला नाही.

तीन आक्षेप, माझी तीन उत्तरं

"आता एआय आहे ना सर, तोच वेचून देईल." देईल की! पण वेचलेलं बरोबर आहे का, हे तपासणार कोण? तपासायला मूळ नोंद लागते, स्रोत लागतो, तारीख लागते. आणि दुसरी गोष्ट. एआयकडून कोणीही सर्वसाधारण मजकूर काढू शकतो. मग तुमच्याकडे गिऱ्हाईक कशाला येईल? तपासलेल्या, तारीख टाकलेल्या, आपल्या भागाच्या माहितीसाठी येईल. एआयमुळे नीट लावलेल्या मालाची किंमत वाढली आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

"गुगलवर वर येण्यासाठी करायचं का?" फक्त त्यासाठी करू नका. गुगलने २०२३ साली प्रश्नोत्तरांचं खास दिसणं बहुतेक साइटींसाठी बंद केलं आणि कृती दाखवणारं दिसणंही काढून टाकलं. ज्यांनी फक्त त्यासाठी मेहनत केली त्यांना चटका बसला. ज्यांनी आपल्या वापरासाठी माल लावला, त्यांचं काही बिघडलं नाही. दुसऱ्याच्या अंगणात घर बांधू नये, मग अंगण कितीही मोठं असो.

"सगळं एका शीटमध्ये ठेवलं तर कोणी चोरून नेईल." ही भीती खरी आहे, हसण्यावारी नेऊ नका. पूर्ण शीट कोणालाही देऊ नका. टाइप करणाऱ्याला त्याच्यापुरता भाग द्या. आठवड्याला एक प्रत वेगळ्या जागी ठेवा. पण हेही पाहा, तुमची पीडीएफ आजही टेलिग्रामवर फुकट फिरते आहे. चोर पॅकिंग चोरतो. दर महिन्याला तपासून ताजी होणारी नोंदवही त्याला चोरता येत नाही, कारण पुढच्या महिन्यात ती शिळी होते.

सगळ्यांनी करावं का?

नाही. ज्याचा मजकूर एकदाच वापरायचा आहे, जसं की लग्नाची पत्रिका, जाहिरातीचं पत्रक, त्याने यात वेळ घालू नये. कथा-कादंबरी छापणाऱ्यानेही कादंबरीचे तुकडे पाडू नयेत. त्याने पुस्तक, लेखक, हक्क यांची यादी नीट ठेवली तरी भरपूर. आणि सगळं सगळ्याशी जोडायच्या भानगडीतही पडू नका. ज्या जोडणीतून नवीन पुस्तिका, नवीन टेस्ट किंवा नवीन गिऱ्हाईक निघू शकतं, तेवढीच जोडा. बाकी हौस आहे, आणि हौसेला मोल नाही, पण खर्च असतो.

मात्र ज्याचा मजकूर दरवर्षी थोडा बदलतो आणि पुन्हा विकला जातो, त्याने आजच सुरू करावं. गाईडवाले, क्लासवाले, पाककृतीवाले, शेती सल्लावाले, पर्यटनवाले. यात उशिराची किंमत आहे. जुनी फाइल उघडणारं सॉफ्टवेअर एक दिवस बंद पडतं, डीटीपीवाला धंदा सोडतो, हार्डडिस्क जाते. वडिलांनी वीस वर्षं लिहिलेल्या नोट्स मुलाच्या हातात येतात आणि उघडतच नाहीत, याहून वाईट तोटा कोणता? दुकान गेलं तर भाड्याने मिळतं. नोंदी गेल्या तर मिळत नाहीत.

तर या आठवड्याचं काम लिहून घ्या. तुमच्या सगळ्यात जास्त खपणाऱ्या पुस्तकातून किंवा नोट्समधून फक्त पन्नास नोंदी निवडा. युनिकोडमध्ये शीटवर घ्या. दहाही रकाने भरा, नववा आणि दहावा आधी. मग त्या पन्नासातून दोन वेगळ्या वस्तू बनवा. एक छापायची, एक मोबाइलवर पाठवायची. पुन्हा टाइप न करता दोन्ही बनल्या, तर तुमचा माल लागला म्हणून समजा. मग ॲपवाल्याला फोन लावा. तेव्हा भाव तुम्ही सांगाल.